मुका मध्यम

मी बाजाची पेटी बोलतेय. भात्यात जरा वारा भरा, म्हणजे नीट बोलता येईल. हां, आता कसं!

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. सागवानी अंग, पितळी सूर, पांढऱ्याशुभ्र पट्ट्या. दिसायला मी झकास होते, हे मीच सांगते, लाजायचं कशाला? पण मधल्या सप्तकातला माझा मध्यम, म्हणजे सा रे ग म मधला म, जन्मापासून मुका होता. पट्टी दाबली की नुसता वारा जाई.

आगबोटीनं मी रत्नागिरीला आले आणि काशीरामशेटच्या दुकानात बसले. गिऱ्हाईक आलं की शेट मला पुढे ओढत आणि डोळे मिटून भूप राग वाजवत. भूपात म लागतच नाही! ऐकणारे माना डोलवत आणि माझं दुखणं झाकून जाई.

खाडीपलीकडच्या भाट्याचा भागोजी बायकोला, राहीला, घेऊन आला तेव्हाही तेच झालं. राही तर खुळावलीच. होडीतून खाडी ओलांडताना ती तेच गाणं गुणगुणत होती आणि मी भागोजीच्या मांडीवर मिरवत होते.

पहिल्याच भजनाला फजिती झाली. प्रत्येक अभंगात पुढचा दात पडल्यासारखी फट! मंडळाचे रावजीबुवा तडकले. "पेटी नवी कोरी हाय, भागोजी. बोटां तुजी आंधळी! रामनवमीला दुसरा कोनतरी बसंल पेटीवर."

भागोजीचं तोंड एवढंसं झालं. भजनात पेटीवर बसणं हा त्याचा जीव की प्राण. मला फार वाईट वाटलं, पण पेटीला रडायचं झालं तरी कुणीतरी वाजवावं लागतं.

राही भात कांडता कांडता म्हणाली, "अवो, दुकानातला ता गाणा वाजवा बगू."

त्यानं वाजवलं. एकही फट नाही! तो चक्रावला. मग एकेक पट्टी दाबत गेला आणि म वर येताच ओरडला, "अगो, हा मुका हाय! माजी बोटां बरी हायत!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शेटच्या पायरीवर. शेट म्हणाले, "भागोजी, चार माणसांत वाजवून दिली होती मी. होडीत पाणी उडालं असेल, नाहीतर घरी आपटली असेल. इथूनच बिघडलेली होती, हे सिद्ध कर."

भागोजी तरी काय सिद्ध करणार बिचारा? तेवढ्यात राही पदर खोचून पुढे झाली. "आमी कशाला दाकवू? विकलीत तुमी. तवा म वाजत होता, ता तुमी दाकवा. म लागंल असा कुठचा गाणा वाजवलात?"

बाजारातली माणसं जमली. "वाजवा शेट, दुसरा कायतरी वाजवा!"

शेटनी भाता ओढला. बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.  अखेर बारीक आवाजात म्हणाले, "मला दुसरं येतच नाही हो."

असा हशा पिकला म्हणून सांगू! शेटही हसू लागले. लबाडी त्यांच्या मनात नव्हती. म त्यांना कधी लागलाच नव्हता. त्यांनी माझं झाकण उघडलं. म च्या पितळी सुराच्या फटीत लाकडाची बारीक कपची अडकली होती आणि तिच्यावर कारखान्यातल्या पॉलिशचा थेंब सुकून बसला होता. म्हणजे होडी, खाडी आणि भागोजी, सगळे निर्दोष. शेटनी कपची काढली आणि जन्मात पहिल्यांदा मी म म्हटला. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

"चूक दुकानाची, राहीबाय," शेट म्हणाले. तेव्हापासून ते गिऱ्हाइकालाच सगळ्या पट्ट्या दाबायला लावतात.

रामनवमीला पेटीवर भागोजीच बसला. रावजीबुवांनी मुद्दाम म वर रेंगाळणारा अभंग काढला आणि संपल्यावर भर मंडपात त्याच्यापुढे हात जोडले.

आता माझं पॉलिश उडालंय, भाता दोनदा बदललाय. तुम्हाला एवढंच सांगते: दुकानदार वाजवून दाखवील ते कौतुकानं ऐका आणि त्यानं वाजवलं नाही ते वाजवायला लावा.

चला, भागोजी आलाच. पुढचं त्याच्या बोटांनी सांगेन.