शंभराची टीप

जन्मभर मीच वाढलं. सासरा, दीर, नवरा, लेक, सगळ्यांना "घ्या की अजून" म्हणून आग्रह केला आणि शेवटी पातेलं खरवडून आपण जेवले. मला कुणी "घे" म्हटल्याचं आठवत न्हाय. आता मालक गेले, लेक राजवर्धन पुण्याला. एकटीसाठी मटण शिजवायचं म्हणजे नसती उठाठेव. म्हणून दर रविवारी दुपारी खानावळीत जाते. बाईमाणूस एकटं जेवतंय म्हणून लोक बघत्यात. बघू देत की!

तिथला वाढपी पिराजी, माझ्याच वयाचा. वाटी रिकामी दिसली की डाफरायचा, "अक्का, पांढरा रस्सा घ्या की! चिमणीगत खाऊन कसं चालंल?" मी वाटीवर हात धरायची, त्यो हात बाजूला सारून ओतायचा. मेल्याला ऐकायचंच नसायचं. पण त्या एका वाटीवर माझा आठवडा निघायचा.

निघताना बडीशेपेच्या ताटलीत दहा रुपये ठेवायची. फोनवर राजवर्धनला सांगितलं तर हसला. "आई, बिलाच्या दहा टक्के तरी ठेव." बिल साडेतीनशे, म्हणजे पस्तीस. पस्तीस बरे दिसतील? का पन्नास? आणि आग्रहाचे किती? त्येचा हिशेब कुठल्याच टक्क्यात बसंना. शेवटी शंभराची नोट ठेवली आणि लाजून भराभरा बाहेर पडले.

पुढच्या रविवारी पिराजीनं पळत येऊन खुर्ची पुसली. "या मॅडम." सगळ्यांच्या आधी माझं ताट आलं. मी वाटी संपवून मुद्दाम बसून राहिले. त्यो अदबीनं जवळ आला.

"रस्सा देऊ, मॅडम?"

मी सवयीनं म्हटलं, "नको."

"बरं, मॅडम," म्हणून गेला की! पलीकडच्या टेबलावर मात्र त्येचा आवाज चढला, "घ्या की पावणं, लाजताय काय!"

म्हटलं, त्या नोटंनंच घात केला. त्या दिवशी ताटलीत एक रुपयाबी ठेवला न्हाय. आता तरी चिडंल, चार शब्द बोलंल, अक्का म्हणंल.

दारापर्यंत पोचले तर पिराजी मागनं आला. तोंड उतरलेलं.

"मॅडम, माझं काय चुकलं काय?"

"न्हाई वो," म्हटलं, आणि पर्समधनं शंभराची नोट काढून त्येच्या हातावर ठेवली.