मेलेल्याचं बक्षीस

तलवार साईराजच्या काखेतून पार निघून गेली, पोटाला शिवलीसुद्धा नाही, तरी तो असा कोसळला की बायकांच्या बाजूने 'अगं बया' उमटलं. पांढऱ्या सदऱ्यावर कुंकवाचं पाणी पसरलं. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या राहीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून उगाच खोकल्या.

जत्रेचं नाटक. दोन घराण्यांचं हाडवैर, त्यात एका घरची पोरगी दुसऱ्या घरच्या पोरावर भाळलेली. साईराज त्या पोरीचा भाऊ. तिच्या प्रियकराच्या हातून त्याला मरायचं होतं. सांगलीहून आणलेली नटी त्याची आई झाली होती. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती ओरडत होती, "रक्ताचा बदला रक्तानं घेईन!"

"बदला मागनं घे," राहीबाई पुटपुटल्या, "आधी पोराची मान सरळ कर. अवघडली की."

साईराज त्यांच्या धाकट्या दिराचा पोरगा. त्याची आई अंजना बाळंतपणातून लवकर उठेना, तेव्हा तो राहीबाईंच्याच कुशीत निजायचा. पुढे बांधावरून दोघा भावांत कुऱ्हाडीचे दांडे निघाले, डोकी फुटली, अंगणात भिंत आली. राहीबाईंचे मालक गेले तेव्हा पलीकडची माणसं मयताला आली, पण घोटभर पाणी न पिता परतली. मुलगा जोतिबा फौजेत. आता राहीबाई एकटीपुरती भाकरी थापत, आणि भिंतीपलीकडचं हसणं ऐकू येऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवत.

त्यांनी कमरेच्या पिशवीतून नोट काढली आणि माईकवर बक्षिसं पुकारणाऱ्या आकारामला खुणावलं.

"हीरोला का, काकी?"

"न्हाई. मेलाय त्याला."

"आवं, बक्षीस उठून घ्यावं लागतंय. नाटक मोडंल."

"सांजंपासनं नावं पुकारून तूच मोडतोयस की मुडद्या. आनखी एकदा मोड."

"नाव काय सांगू?"

राहीबाईंनी नोटेची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"नाव नगं. चुलतीकडनं म्हन."

मग माईक खरखरला.

"साईराजच्या कामावर खूश होऊन, त्याच्या चुलतीकडून—"

मांडवातल्या माना राहीबाईंकडे वळल्या. साईराजला चुलती एकच, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. नटी रडायची थांबली. साईराज मात्र हलला नाही.

"उठ की गड्या!" मागून कुणीतरी ओरडलं. "देव पावला!"

पोरं हसली. साईराज मेलेलाच राहिला. राहीबाई खुर्चीवरून उठून, नोट पुढे धरून स्टेजखाली उभ्या होत्या. एवढ्या लोकांत त्या कधी इतक्या एकट्या उभ्या राहिल्या नव्हत्या.

तेवढ्यात तरटावर बसलेल्या बायकांतून अंजना उठली. पदर खोचत सरळ समोर आली.

"मेल्याल्याचं बक्षीस आईनं घ्यायचं व्हय, आक्का?"

"घे की. तुजा ल्योक मराय तरी नीट शिकलाय. तुला सैपाक अजून जमंना."

अंजनाने हात पुढे केला नाही.

"जित्ता हाय माझा. घरी येऊन त्याच्या हातात द्या."

"तुज्या घरचं पानी मला गोड लागत न्हाई."

"मग चुलती कशापायी म्हनलासा?"

राहीबाईंनी नोटेचा हात मागे घेतला. वर नटीच्या मांडीवर साईराजने एक डोळा किलकिला करून दोघींकडे बघितलं.

"मर गप," राहीबाई हळूच म्हणाल्या.

डोळा मिटला. नटीने पुन्हा टाहो फोडला. अंजना तरटावर जाऊन बसली; बसताना शेजारणीला ढकलून तिने शेजारी एका माणसाची जागा केली. राहीबाईंनी मागे बघितलं. त्यांच्या खुर्चीवर भलताच कुणीतरी पाय पसरून बसला होता. नोट मुठीत दाबून त्या मधोमध तशाच उभ्या राहिल्या.

"आवं काकी," मागून हाक आली, "बसा की कुठंतरी! नाटक दिसंना!"