कोरडं वजन

“उतरा,” नर्स वेर्ना म्हणाली. “आणि परत चढा.”

वाइनो सालमेला वजनकाट्यावरून उतरला, क्षणभर जमिनीकडे बघत उभा राहिला आणि परत चढला. काट्याने तोच आकडा दाखवला.

“बूट काढा.”

“काढलेत.”

तिने खाली पाहिलं. खरंच काढले होते. करड्या लोकरीचे मोजे होते, अंगठ्यापाशी रफू केलेले.

“खिशात काय आहे?”

वाइनोने ट्रकची किल्ली आणि एक रुमाल तिच्या हातावर ठेवला. काटा ढिम्म.

“ठरल्यापेक्षा साडेतीन किलो वर,” वेर्ना म्हणाली. “शुक्रवारपासून काय काय प्यायलात?”

“कॉफी.”

“किती?”

“कपभर.”

“कप केवढा?”

“कपाएवढा.”

वेर्नाने पुढे विचारलं नाही. ती स्वतः फिनिश घराण्यातली, कांगासांची मुलगी. वाइनोने खाणीत तिच्या वडिलांबरोबर ट्रक दुरुस्त केले होते आणि त्या दोघा पुरुषांमध्ये उभ्या आयुष्यात जेवढं बोलणं झालं असेल तेवढं आज काट्यापाशीच होऊन गेलं होतं. तिने त्याला खिडकीशेजारच्या खुर्चीत बसवलं, हातावरची नस चाचपली आणि सुया टोचल्या. वाइनो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बर्फ, त्यापलीकडे खाणीच्या मातीचा डोंगर, आणि त्यावरही बर्फ.

मूत्रपिंडं थकलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं, कारण बाहेर जायची वाट बंद झालेली असते. आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं यंत्र ते ओढून घेतं. पाणी काढल्यावर जो उरतो तो खरा माणूस, आणि त्याच्या वजनाला या धंद्यात कोरडं वजन म्हणतात. ते कुठल्याही काट्यावर कळत नाही. डॉक्टर अंदाजाने ठरवतात, आणि एकदा फळ्यावर लिहिलं गेलं की त्या अंदाजाला कायद्याची कळा येते. वाइनोच्या खुर्चीमागच्या फळ्यावर लिहिलं होतं बहात्तर. गेले कित्येक आठवडे यंत्राने जीव तोडून ओढलं तरी वाइनो बहात्तरवर काही येत नव्हता.

याचा अर्थ उघड होता. माणूस पाणी पीत होता.

पाण्याच्या बाबतीत सगळेच खोटं बोलतात, हे वेर्नाने नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकून घेतलं होतं. एक निवृत्त शिक्षिका बर्फाचे खडे चघळायची आणि ते चघळले, प्यायले नाहीत, असं व्याकरणशुद्ध सांगायची. एका पाद्रीबुवांच्या मते सूप हे अन्न होतं. आणि शेजारच्या खुर्चीतली मिली झुपान्चिच जेलीला घन पदार्थ मानत असे, कारण ती थरथरते पण सांडत नाही.

“काय, परत वर गेला का आमचा हिरो?” मिलीने विचारलं. तिचा एक हात यंत्राला बांधलेला होता. दुसरा मोकळा होता आणि तोंड तर दोन्ही हातांपेक्षा मोकळं.

“मिली, तुमचं तुम्ही बघा.”

“मी बघतेच आहे. या फिन लोकांना विचारून काय मिळणार गं? लेम्पीला लग्नाचं विचारायला याने दोन हिवाळे घेतले. ती शेवटी म्हणाली, होय, आता काय ते विचार.”

वाइनोने मान वळवली नाही. पण लेम्पीचं नाव निघालं तशी त्याची मोकळ्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर मिटली. मिलीने ते पाहिलं असावं. तिने हेडफोन कानांवर चढवला आणि टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमात तोंड खुपसलं.

लेम्पीला जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यानंतर वाइनो भाजलेला पाव आणि डब्यातले पेअर एवढ्यावर राहिला. आहारतज्ज्ञ बाईंनी प्रथिनांची पूड दिली. ती त्याने इमानाने रोज कुत्र्याला घातली. कुत्रा छान झाला.

थोड्या वेळाने डॉक्टर आले, म्हणजे चाकं लावलेल्या स्टँडवरचा पडदा आला. डॉक्टर ब्रांडवोल्ड दूर डुलुथ शहरात बसून आठवड्यातून एकदा या पडद्यातून सगळ्या खुर्च्यांपुढून फिरत. माणूस सज्जन होता. फक्त गळ्याच्या खाली कधी कुणी पाहिला नव्हता.

“मिस्टर सालमेला, हे असं चालणार नाही,” ते म्हणाले. “एवढं पाणी एका बैठकीत ओढलं तर हृदयावर ताण येतो. आपण चौथा दिवस वाढवू या. शनिवारी जागा आहे.”

“शनिवारी जमणार नाही,” वाइनो म्हणाला.

डॉक्टर दचकले. आजवर या खुर्चीतून त्यांना उलट वाक्य आलं नव्हतं.

“का? शनिवारी काय असतं?”

वाइनोने विचार केला.

“शनिवार.”

“मी नर्सबाईंशी बोलतो,” असं म्हणून डॉक्टर पुढच्या खुर्चीकडे ढकलले गेले.

त्यानंतर काही वेळाने वाइनोच्या पोटरीत गोळा आला. तो ओरडला नाही. त्याचा चेहरा कागदासारखा झाला आणि दातांतून एक बारीक शिट्टी निघाली. वेर्नाने यंत्राची ओढ थांबवली, नळीतून थोडं मिठाचं पाणी परत सोडलं आणि त्याचं पाऊल स्वतःच्या कमरेशी टेकवून अंगाचा भार दिला. गोळा हळूहळू सैल झाला.

“पिळतेस, पोरी,” वाइनो म्हणाला. “निघत नाही आता काही.”

“कमी प्यायलं की पिळावं लागत नाही.”

त्याचं पाऊल अजून तिच्या हातात होतं. सहज म्हणून तिने मोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबला. पाणी साठलेल्या पायात बोटाचा खळगा राहतो, ओल्या कणकेत राहतो तसा. इथे अंगठा उचलला आणि कातडी जागच्या जागी आली.

तिने दुसरा पाय पाहिला. तोही तसाच.

मागच्या वेळी तिने ‘थोडी सूज’ अशी नोंद केली होती. त्याच्या मागच्या वेळीही. तिने तेव्हा अंगठा दाबला होता का? आठवेना. वजन वर आहे म्हणजे सूज असणार, आणि असणार म्हणजे आहे, अशी सरळ वाट तिच्या हाताने आपली आपणच धरली असावी. रक्तदाबाचंही तसंच. तो आल्यापासूनच खाली होता. पाण्याने फुगलेल्या माणसाचा तो वर हवा.

तिने त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. श्वास कोरडा, स्वच्छ. शर्ट वर सरकला तेव्हा दिसलं की पँटचं बटण लागत नव्हतं. काजात रबरी बँड अडकवून काम भागवलेलं होतं. तिने पोटावर हात ठेवला. मऊ होतं. पाण्याचं तट्ट पोट वेगळं लागतं. हे साधं, जेवणारं पोट होतं.

“वाइनो, हल्ली खाता काय तुम्ही?”

“जेवण.”

“कोण करतं?”

वाइनो खिडकीबाहेर बघायला लागला. मिलीने हेडफोन एका कानावरून मागे सरकवला.

“कोण करतं स्वयंपाक? पावावर माणसाला असं पोट येत नाही.”

“पाणी पितो मी,” वाइनो एकदम म्हणाला.

“काय?”

“पाणी. चोरून. नळाला तोंड लावून.”

वेर्ना सरळ झाली. एवढ्या वर्षांत पाणी पीत नाही म्हणून शपथा घेणारी माणसं तिने पाहिली होती. आईची, येशूची, एकाने तर हॉकीच्या संघाची शपथ घेतली होती. पितो म्हणून कबूल करणारा हा पहिलाच.

“किती पिता?”

“पुष्कळ. बादली.”

“बादली?”

“लहान.”

“बादलीभर प्यायलेला माणूस इथे शिरताना धापा टाकतो, वाइनो. तुमचा रक्तदाब बघा, नव्वदवर आहे.”

“मग अर्धी.”

“बरं,” वेर्ना म्हणाली. “मग डॉक्टरांना तसं सांगते. शनिवार पक्का करून टाकतील.”

आता वाइनोने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही, पण कपाळावर बारीक घाम आला. तो गोळ्याचा नव्हता. खरं बोलावं तर शनिवार वाचतो आणि उघडाही पडतो. खोटं बोलावं तर झाकलेला राहतो आणि जातो. ट्रकच्या इंजिनात असं काही अडकलं असतं तर त्याने हातोडी घेतली असती.

वेर्नाने स्टूल ओढलं आणि मिलीकडे पाठ करून बसली. मग हात मागे नेऊन मिलीचा हेडफोन काढला, तिच्या टीव्हीचा आवाज मोठा केला आणि हेडफोन परत दोन्ही कानांवर नीट बसवला. मिली तिच्याकडे अशी बघत राहिली की जणू हिने तिच्या ताटातला घास काढून घेतला.

“हं,” वेर्ना म्हणाली.

“लेम्पीच्या बहिणीकडे जातो,” वाइनोने यंत्राला सांगितलं. “शनिवारी. सौनाला.” सौना म्हणजे फिन लोकांची शनिवारची वाफेची अंघोळ.

“आयलीकडे?”

“तिच्या सौनाची भट्टी चांगली आहे. माझी धूर करते.”

“आणि मग?”

“मग जेवतो.” बराच वेळ यंत्राचं चाक फिरत राहिलं. “उरलेलं डब्यात देते. आठवडाभर पुरतं. मासा, पण खारवलेला नाही, ताजा. अंडी. बटाटे दोनदा उकळून पाणी ओतून देते. मूत्रपिंडवाल्यांचं तसं असतं म्हणते. वाचलंय तिने कुठेतरी.”

“बरोबर वाचलंय.”

“आळीपाळीने जातो,” वाइनो म्हणाला.

“काय?”

“सौनात. आधी मी. मग ती.”

“मी विचारलं नव्हतं.”

“सांगून ठेवलं.”

सौना पेटला की धुराडं सगळ्या गावाला दिसतं, आणि या गावात कुणाचं धुराडं कुठल्या वारी निघतं हे माणसं चर्चच्या घंटेइतकं ध्यानात ठेवतात. वाइनो ट्रक लांब, सहकारी दुकानामागे लावून बर्फातून चालत जात असणार हे वेर्नाला न सांगता कळलं.

“लोक म्हणतील, बायको गेली आणि हा सुजला,” तो म्हणाला.

“तुम्ही सुजलेले नाहीत, वाइनो. तीच तर पंचाईत आहे.”

तिने पडदा परत मागवला. डॉक्टर ब्रांडवोल्ड चष्मा पुसत होते.

“सूज नाही, छाती स्वच्छ, दाब खाली, आणि प्रत्येक वेळी पेटके,” वेर्ना म्हणाली. “मागच्या महिन्याच्या रक्तात प्रथिनंही वाढलेली आहेत. हे पाणी नव्हे, डॉक्टर. अंगाला लागलेलं आहे. आपण माणसातून माणूसच ओढून काढतोय. सुजेच्या नोंदी माझ्याच आहेत, आणि त्या मी न बघता केल्यात.”

डॉक्टरांनी पडद्याबाहेरचं काहीतरी उलटसुलट करून पाहिलं. “खरं आहे,” ते म्हणाले. “पण हे तर जेवत नव्हते ना? काय बदललं?”

वेर्नाने वाइनोकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता, जसं आरोपी न्यायाधीशाकडे बघतो.

“थंडी आहे, डॉक्टर,” ती म्हणाली. “इकडे थंडीत भूक लागते.”

डॉक्टरही याच मुलखात वाढलेले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “लागते खरी. कोरडं वजन दोन किलोने वाढवा. आणि शनिवार राहू दे.”

वाइनोचं डोकं उशीवरून उठलं. “राहू दे म्हणजे?”

“म्हणजे यायचं नाही.”

डोकं परत उशीवर टेकलं.

सुया निघाल्या, पट्ट्या बसल्या, आणि वाइनो काट्यावर चढला. वेर्नाने फळ्यावरचा बहात्तर पुसला आणि चौऱ्याहत्तर लिहिला. वळली तर तो तिच्या मागे उभा होता, बूट हातात घेऊन, फळ्याकडे बघत.

“लेम्पीला पुरलं त्या वर्षी लिहिला होतास तो,” तो म्हणाला. “आधीचा.”

तिला ते माहीत नव्हतं. अक्षर मात्र तिचंच होतं. हातातल्या फडक्यावर शाई लागली होती. ती फडकं घडी करत राहिली.

“ती असताना किती होता?” तिने विचारलं.

“शहात्तर.”

“मग अजून जागा आहे.”

वाइनोने यावर विचार केला. मग बसून एक बूट घातला, दुसरा घातला, कोट चढवला. मिलीने एव्हाना हेडफोन गळ्यात उतरवला होता. तिला कळलं नव्हतं ते सगळं तिच्या डोळ्यांत होतं.

“काय रे वाइनो, डॉक्टर सोडतायत म्हणे? सुटलास का शनिवारातून?”

वाइनो दाराशी थांबला. टोपी दोन्ही कानांवर ओढली, हातमोजे घातले, आणि मिलीला वाटलं आता हा नेहमीसारखा न बोलताच जाणार.

“नाही,” तो म्हणाला. “अडकलो.”