पातळ द्या

भिंगरी खायची, पण खाल्लेलं अंगी लागायचं नाही. दोन वर्षांची पोर, डोळे टपोरे, आणि दंड एवढे बारीक की आईच्या अंगठा-बोटाच्या कडीत सहज मावायचे. चालायला लागली तेव्हा स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून आत्याने हे नाव ठेवलं. आता ती भिंतीला टेकून बसायची आणि घोंघावणाऱ्या माश्यांकडे बघत राहायची.

आई चादरी धुण्याच्या कारखान्यात, इस्त्रीच्या यंत्रापाशी. बाप मालाच्या गाडीवर, आठवडा आठवडा बाहेर. त्यामुळे पोर आत्याच्या हवाली. ही बापाची थोरली बहीण. घरी बसून उशांचे अभ्रे शिवायची. जिभेने फटकळ, पण देवाने तिची कूस रिकामी ठेवली ती जणू या एका भाचीसाठीच.

"तुझ्या लेकीचा व्यवहार चोख आहे बाई," ती भावजयीला म्हणायची. "वरून एक वाटी घेते, खालून दोन परत करते."

दोघी हसायच्या. हसून घ्यायचं नाही तर करायचं काय?

जुलाब काही केल्या हटत नव्हते. वस्तीचा नळ गटाराला लागून, पण पाणी दिसायला नितळ. एकदा दोघी पोरीला घेऊन दवाखान्यात गेल्या. आई औषधाच्या रांगेत उभी राहिली, आत्या पोरीला घेऊन सिस्टरसमोर बसली. ही गर्दी, ही रडारड. सिस्टरने मीठ-साखरेची पुडी हातात ठेवली. "पातळ द्या, सारखं पातळ देत राहा," असं म्हणून तिने पुढच्याला हाक मारली.

आत्याने ते शब्द गुरुवचनासारखे उराशी धरले. सिस्टर बोलली होती पुडीच्या पाण्याबद्दल, जेवणाच्या जोडीला द्यायच्या. आत्याने जेवणच पातळ केलं. लापशीत पाणी, दुधात पाणी, तेही त्याच नळाचं. वर अभ्र्याच्या मऊ कापडातून गाळून घ्यायची, लेकराच्या पोटाला जड नको म्हणून. कापडावर चोथा उरायचा तो टाकून द्यायची. स्वतः उपाशी असली तरी बोट लावायची नाही. "भाचीच्या तोंडचं मी कसं खाऊ?"

देवा, एवढी माया दिलीस, ती ओतायला हात दिलेस. मग त्या एका शब्दाला दोन अर्थ कशाला दिलेस?

पोरीची पावलं सुजली तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात ठेवून घेतलं. तिथल्या सिस्टरने आईला विचारलं, "घरी खायला काय देता?"

"आमच्या वन्सं देतात," आई कौतुकाने म्हणाली. "गाळून, अगदी पाण्यासारखं करून."

सिस्टरचा लिहिता हात थांबला. "अहो, खराब पाण्याने हिचं आतडं आतून सोलवटलंय. पातळ द्यायचं ते पुडीचं पाणी, जेवण घट्टच. इथे पोटात अन्न म्हणून पाणीच जात होतं. अंगी लागणार काय?" मग आवाज उतरवून तिने विचारलं, "घरात आणखी मूल?"

आईने पोटावर हात ठेवला. "यायचंय."

"मग तुमच्या वन्संना सांगावं लागेल."

भिंगरी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, आत्याच्या मांडीवर. "महाराणी, एवढा एक घोट," असं आत्या चमचा धरून म्हणतच होती.

पुढे आत्या शिवणयंत्रापाशी नुसती बसून राहू लागली. पाय पायडलवर, पण यंत्र बंद. एके दुपारी तिने विचारलं, "एकदासुद्धा वेळ चुकवली नाही गं मी. कुठे कमी पडलं?"

आईने कितीतरी वेळा मनात घोळवलेलं एकदाचं बोलून टाकलं. "वन्सं, चूक माझी. सिस्टर पुडीच्या पाण्याचं सांगत होत्या. मी ऐकलं जेवणाचं, आणि तुम्हाला पातळ करायला लावलं. जेवण घट्टच द्यायचं होतं."



"तू औषधाच्या रांगेत होतीस," आत्या सावकाश म्हणाली. "सिस्टरसमोर मी बसले होते."

पाणी भरायला निघालेल्या बायकांच्या कळशा बाहेर वाजत होत्या.

"म्हणजे मीच उपाशी मारली."

"तुम्ही भरवलंत, वन्सं. तुमच्याइतकं मीसुद्धा नाही भरवलं तिला."

"या पुढच्याला हात लावू देशील मला?"

"तुम्ही नाही तर कोण? मी कामावर जाणार ना."

आत्याने तोंडावर हात दाबून धरला. बराच वेळ खांदे हलत राहिले. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "घट्ट म्हणजे किती घट्ट, ते मला करून दाखव. या वेळी कानावर नाही विसंबायचं. डोळ्यांनी बघते."

घरात खाणारं लेकरू नव्हतं. तरी आई उठली, चूल पेटवली आणि पाणी आधी उकळायला ठेवलं.