तांबूची दाढ

मी एक जुनी दाढ आहे. माणसाची नव्हे, मित्रांनो. मालवणच्या किनाऱ्यावरच्या तांबू नावाच्या कुत्र्याची. सन १९५५ मध्ये त्याचे दुधाचे दात पडले आणि वरच्या जबड्यात, डोळ्याच्या बरोबर खाली, मी उगवले. त्या तोंडातली आकाराने सर्वांत मोठी मीच, म्हणून थोडा तोराही होता.

तांबूचा धनी गुणाजी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जाई. जाळ्याच्या खालच्या काठाला दगड बांधलेले असत. सुटून वाळूत पडलेले दगड तोंडात धरून आणायला गुणाजीने तांबूला शिकवले. लोक जमून बघत. "गुणाजीचो कुत्रो माणसापेक्षा बरो!" असे कोणी म्हटले की गुणाजीची छाती फुगे. दगडाचा भार मी सोसत होते, पण माझे नाव कोणी घेतले नाही.

सात वर्षांनी एका दगडावर मी फुटले. फटीत माशाचे कण अडकले, मुळाशी पू झाला. तांबू एकाच बाजूने चावू लागला. तोंडाला वास सुटला, तर गुणाजी म्हणाला, मासे खाणाऱ्याच्या तोंडाला वास यायचाच. मग डोळ्याखाली सूज आली. कुर्ली, म्हणजे खेकडा, चावली असे ठरवून गुणाजीने महिनाभर तिथे हळद-खोबरेल लावले. दुखणे घरात आणि औषध अंगणात! मला बोलता येत नव्हते आणि तांबूलाही.

एके सकाळी हळद लावताना गुणाजीचा अंगठा जोरात दाबला गेला आणि तांबू त्याच्या हाताला चावला. तांबूच्या दुखऱ्या तोंडातून लाळ गळतच होती. शेजारचा लवू काठी घेऊन आला.

"गुणाजी, कुत्रो पिसाळलो. आजच मारूक व्हयो तेका."

तेवढ्यात गुणाजीची बायको पार्वती पाण्याची वाटी घेऊन आली. तांबू मान वाकडी करून, थांबून थांबून पाणी प्याला.

"बघा, ह्यो पाणी पिता. पिसाळलेलो खंय पाणी पिता? तेका खंय दुखता, ता आधी बघूया."

बैलगाडीत घालून त्यांनी तांबूला कट्टा गावी नेले. तिथे गुरांचे डॉक्टर येत. त्यांनी तांबूचा ओठ वर केला. सात वर्षांत तो कोणीच वर केला नव्हता.

"डोळ्याला काही झालेलं नाही. दाढ फुटली आहे. हा दगड चावतो का?"

"मियाच शिकयलंय तेका," गुणाजी म्हणाला आणि रडला.

डॉक्टरांनी मला उपटले. त्या तोंडातून जाताना मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण आठवड्यात सूज उतरली आणि तांबू पुन्हा पोटभर जेवू लागला. गुणाजीने मला चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवले. दगड तो स्वतः उचलू लागला. दर रविवारी तांबूला मांडीशी घेऊन तो ओठ वर करी, दात बघे आणि ओल्या फडक्याने पुसे.

पुढे तांबू म्हातारा झाला. त्याला दिसेनासे झाले. तरी गुणाजीची चाहूल लागली की तो आपणहून तोंड उघडून बसे. शेवटच्या सकाळीही त्याने ते उघडले.

मित्रांनो, तुमच्या दारातला मुका जीव आपले दुखणे सांगायला येणार नाही. त्याचा ओठ तुम्हीच वर करून बघा. फुटायच्या आधी बघा.