कॉलरपासून

“हा डाग कधीपासून आहे?” डॉक्टरीणबाईंनी चादर वर धरूनच विचारलं.

धाकटीनं उत्तर देण्याऐवजी सासूकडे पाहिलं. सासू भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे पाहू लागली.

पाचव्या महिन्यात धाकटीनं तिलाच सांगितलं होतं. लघवीच्या जागेशेजारी काळा डाग आलाय, वाढतोय, कपड्याला रक्त लागतं. सासू म्हणाली होती की पोटुशी बाई ठिकठिकाणी काळवंडतेच. बोभाटा करू नकोस, नवऱ्याला तर मुळीच सांगू नकोस. आधीच्या दवाखान्यात दर खेपेला वजन झालं, पोट मोजलं, बाळाचे ठोके ऐकले. चादर कुणी उचलली नाही. मूल तिथूनच येणार हे जगाला ठाऊक, पण तिथं बघायची जगाला लाज.

डागाचा तुकडा तपासून आला. त्वचेचा कॅन्सर, भराभर पसरणारा. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, गरोदरपणातही हा काढता येतो. थांबण्यात आईच्या जिवाला धोका आहे.

“काढा,” धाकटी म्हणाली.

“बाळंतपण होऊन जाऊ दे,” नवरा म्हणाला. “तू मध्ये बोलू नकोस.”

तो वाईट नव्हता. तिच्या अंघोळीचं पाणी स्वतः उचलायचा. त्या घरात वाईट माणूस एकही नव्हता. तिला मारलं ते चांगल्या माणसांनी.

मुलगी झाली, धडधाकट. वार तपासायला पाठवली, तीत काही सापडलं नाही. तरी क्वचित हा आजार बाळात उतरतो, म्हणून हिच्या अंगावर लक्ष ठेवा, असं बजावलं गेलं. धाकटीचं ऑपरेशन त्यानंतर झालं. तोवर कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता.

घरानं आजाराला नाव दिलं, पोटाचं. शेजारणी पचायला हलकं काहीबाही आणून देत. धाकटी ते निमूट खाई.

लग्नाआधीपासून ती शर्टांच्या कारखान्यात चेकिंगला होती. कॉलर, खांदे, बाह्या, बटणपट्टी, शेवटी खालची दुमड, याच क्रमानं प्रत्येक शर्ट तिच्या हातांतून जाई. आता रोज सकाळी खिडकीशी बसून ती मुलीला उघडी करायची आणि तशीच तपासायची.

“इन्स्पेक्टर, काय निकाल?” थोरली जाऊ विचारायची.

“माल पास.”

“आणि तक्रार आली तर?”

“परत कुठं पाठवणार, ताई? कंपनीच बंद पडतेय.”

थोरली हसली आणि हसता हसता उठून आत गेली.

पुढं धाकटीला मूल उचलवेना. तेव्हा तिनं ते थोरलीच्या मांडीवर ठेवायला लावलं.

“कॉलरपासून सुरू करा. मधूनच धरलं की काहीतरी सुटतं. आणि तिथंही बघायचं, लाजायचं नाही.” दम लागला म्हणून ती थांबली. “मोठी झाली की हिला खरं सांगा, ताई. पोटाचं म्हणून सांगू नका.”

ती गेली तेव्हा मुलीला दात येत होते.

भेटायला आलेल्या बायकांनी बैठकीची खोली भरली. एकीनं हळूच विचारलं, नेमकं झालं तरी काय होतं? सासूनं डोळे पुसले. पोटाचं, म्हणाली, कुणाला कळलंच नाही.

“पोटाचं नव्हतं,” थोरली म्हणाली. मुलगी तिच्या कडेवर होती. “लघवीच्या जागेशी कॅन्सरचा डाग होता. तिला कळला होता. तिनं तुम्हाला सांगितलाही होता, आई.”

बायका जमिनीकडे बघू लागल्या. धाकटीच्या नवऱ्यानं वहिनीकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन चपला नीट लावत बसला.

थोरली आतल्या खोलीत गेली. मुलीला खिडकीशी निजवून तिनं झबलं काढलं. आधी पाय हातात घेतला, बोटं फाकवून पाहिली. मग थांबली. पाय खाली ठेवला, हनुवटी बोटानं अलगद वर केली आणि गळ्याच्या वळ्यांपासून पुन्हा सुरुवात केली.