पाखरांचे दाणे

परतूरच्या एका सरकारी कचेरीत गजानन कारकून होता, पण त्याचा जीव अडकलेला असायचा घरच्या कॉम्प्युटरमध्ये. जालन्याच्या बोर्डिंगात असताना व्हिडिओ पार्लरच्या दारात उभं राहून जे गेम त्याने नुसतेच पाहिले होते, ते आता तो घरी बसून खेळायचा. आणि तेही मूळचे नव्हेत, जगभरच्या हौशी लोकांनी बदललेले. कुणी विमानांच्या जागी कोंबड्या उडवलेल्या, कुणी राक्षसाला फेटा बांधलेला. गजानन खो खो हसायचा. "अहो, केस पिकायला लागले तरी पोरखेळ सुटंना तुमचा," असं बायको शरयू म्हणायची.

सध्या मात्र त्याला वेगळाच घोर लागला होता. कुंभार पिंपळगावहून त्याची आई नंदाबाई राहायला आली होती आणि काही केल्या तिचं मन लागत नव्हतं. पाचवीपासून बोर्डिंगात राहिलेल्या गजाननच्या वाट्याला आई अशी सलग कधी आलीच नव्हती. ती राहावी, असं त्याला अगदी लहान पोरासारखं वाटत होतं. पण दोन खोल्यांच्या घरात शरयू तिला कामाला हातच लावू देत नव्हती.

"बसून बसून कंबर धरली माझी," नंदाबाई म्हणाली. "काकासाहेब कापूस घेऊन आला की त्याच्यासंगं जाते मी." काकासाहेब म्हणजे थोरला मुलगा, गावाकडची शेती बघणारा.

मग गजाननही हट्टाला पेटला. पिवळं गोल तोंड गल्ल्यागल्ल्यांतून ठिपके खात पळतं आणि चार भुतं त्याच्या मागे लागतात, तो जुना गेम त्याने आतून उलटापालटा केला. ठिपक्यांचे झाले ज्वारीचे दाणे, तोंडाची झाली टोपली, भुतांची मोकाट गुरं. टोपलीला काठी सापडली की गुरं शेपट्या वर करून पळायची. खळ्याच्या मधोमध असतो तसा खांबही त्याने रोवला.

"अगं बया, खळं की रे हे!" नंदाबाई खुर्ची ओढून बसली. मळणीयंत्र आल्यापासून तिने खळं पाहिलं नव्हतं. हळूहळू तिची बोटं बटणांवर बसली आणि तिचं 'हाड् हाड्' गल्लीत ऐकू जायला लागलं.

पण पहिल्या खळ्यापुढे ती काही जाईना. सगळे दाणे उचलले की पुढचं खळं उघडणार, आणि ही कोपऱ्यातले थोडे दाणे सोडून गुरं टोपलीला गाठेपर्यंत नुसती फिरत राहायची. तिला जमत नाही, असंच गजाननला वाटलं.

"माय, ते कोपऱ्यातले राह्यले ना."

"दिसून राह्यलं मला. पाखरांचे हायेत ते."

"अगं, ते उचलल्याबिगर खळं संपत न्हाई."

"खळं पार झाडून नेतं का कुणी? तुझ्या बापानं कधी नेलं न्हाई." नंदाबाई उठली. "तुझी रास काही खळ्यावरून उठत न्हाई बाबा. उद्या काकासाहेब आला की मी जाते."

गजाननला स्वतःचाच राग आला. शेतकऱ्याचा पोरगा, खळं काढलं आणि खळ्याची रीतच विसरला! दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो कॉम्प्युटरपुढे बसला. किती दाणे उचलले की खळं संपलं धरायचं, तो आकडा गेमच्या पोटात कुठेतरी होता. शोधून शोधून डोळे दुखले, तेव्हा तो सापडला. गजाननने तो थोडा खाली आणला.

दुपारी कापूस विकून काकासाहेब जीप घेऊन दारात हजर. "चल माय, जल्दी कर."

"एकच डाव, माय," गजानन गयावया करत म्हणाला.

पोराचं मन मोडू नये म्हणून ती बसली. टोपली फिरली, गुरं पांगली, कोपऱ्यातले दाणे तिने नेहमीसारखे सोडले, आणि पडदा लखलखला. दाण्यांनी भरलेलं पुढचं खळं समोर आलं.

"उठली की रे रास!" नंदाबाईने पडद्याला हात जोडले. "गजू, अशी किती खळी हायेत रे?"

"लई हायेत, माय. सरतच न्हाईत."

बाहेर हॉर्न वाजला. "माय, उशीर होऊन राह्यला!"

"मंग जा की तू," नंदाबाई मान न वळवता म्हणाली. "सुगीत खळं सोडून जातं का कुणी?"